सात नंबरच्या बोरीचं तेल

सगळ्यांत आधी आला तो गिरिधर. फाट्यावर एस.टी.तून उतरला तेव्हा त्याच्या एका हातात हातोडी होती आणि दुसऱ्या हातात पत्र्याच्या गोल बिल्ल्यांची माळ. आता तुम्हीच सांगा, असा माणूस सकाळी सकाळी आपल्या शेताच्या धुऱ्यावर चढताना दिसला तर कोणाच्या मनात चांगला विचार येईल? त्याच्या मागून छत्री घेतलेले सर, आणि सरांच्या मागून काचेच्या बाटल्यांची पिशवी छातीशी धरलेली एक मुलगी...

थांबते. पहिल्या रांगेत माझी नात गोपिका बसली आहे आणि ती डोळे वटारून राहिली. आधी मानाची नावं घ्यायची असतात, हे तिनं मला चारदा पढवलं होतं.

तर, आजच्या या सभेच्या अध्यक्षस्थानी शोभून दिसणारे प्राचार्य चंपतरावसाहेब. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते डॉक्टर मधुसूदन सर. सरांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या मंडळी, ज्यांनी मघाशी स्वतः उठून मला पंख्याखाली बसवलं. रसायनशास्त्राच्या खात्यातले सारे सर आणि बाई. गिरिधरभाऊ, ज्यांच्याबद्दल मी आत्ताच वाईट बोलले आणि पुढेही बोलणार आहे. आमच्या डॉक्टर यमुताई मेश्राम. आणि समोर बसलेल्या, माझ्यापेक्षा जास्त शिकलेल्या बंधूंनो आणि भगिनींनो! जास्त शिकलेल्या म्हणण्यात मी काही फार मोठा मान देत नाही बरं का. मी दुसरी पास आहे. माझ्यापेक्षा कमी शिकलेलं या सभागृहात फक्त ते समोरचं टेबल असेल.

हे भाषण मी सांगितलं आणि गोपिकानं मोठमोठ्या अक्षरांत लिहून दिलं. तिनं ते शाळेच्या भाषेत लिहिलं. मी 'मले' म्हटलं की ती 'मला' लिहिते. लिही म्हटलं बापा, मोठ्या लोकांत जायचं आहे. पण कोण कोणाला काय म्हणालं ते जसंच्या तसं ठेव, त्याला साबण लावू नको, असंही बजावलं.

माझं नाव तुळसाबाई. आमचं गाव उमरेडच्या अलीकडे, फाट्यापासून आत. आमच्या धुऱ्यावर एक बोरीचं झाड आहे. माझ्या सासूनं, पंचफुलाबाईनं, ते राखलं. लावलं नाही, राखलं. बोर कोणी लावत नाही, पाखरं लावतात. माणसानं फक्त कुऱ्हाड दूर ठेवायची.

तर हे गिरिधरभाऊ आले आणि त्यांनी काही न विचारता त्या झाडाला खिळा ठोकला. खिळ्याला बिल्ला. बिल्ल्यावर सात.

आता शहरातल्या माणसाला झाडावरचा आकडा म्हणजे काही वाटत नाही. पण आमच्याकडे कोळशाच्या खाणी आहेत. शेजारच्या गावात आधी असेच दोघे-तिघे छत्रीवाले आले होते. त्यांनी झाडांवर आकडे टाकले, दगडांना चुना फासला, चहा पिऊन गेले. दोन वर्षांत गाव उठलं, ते कुठे होतं ते दाखवायला आता तिथे खड्डा आहे. म्हणून आकडा पाहिला आणि माझ्या पायाखालची माती हलली.

मी म्हटलं, "काहून गा, हे काय ठोकून राहिला माया झाडाले?"

गिरिधर म्हणतो, "नंबर हाय आजी. सरकारी नाही, सायन्सचा."

"सायन्सचा नंबर वेगळा असते काय? कोळसेवाल्याचाबी असाच गोल होता."

तेवढ्यात शेजारची जिजाबाई धावत आली, डोक्यावर शेणाचं टोपलं तसंच. "गेलं वं तुळसाबाई, तुयं वावर गेलं! तरी मी म्हणत होती, उजवा डोया काहून लवून राहिला!"

मग ती मुलगी पुढे झाली. तीच ही यमुताई. मला म्हणाली, आजी, आम्हाला जमीन नको, झाडही नको, फक्त बोरं पाहिजेत. बोरांतलं तेल काढून त्यात काय काय आहे ते शोधायचं आहे. नागपूरच्या आसपासची सात झाडं घेतली आहेत, तुमचं सातवं.

आता या बोलण्यावर तर माझा संशय दुप्पट झाला. तिळाचं तेल ऐकलं होतं, जवसाचं, करडीचं, मोहाच्या बीचं, टोळीचं ऐकलं होतं. पण बोराचं तेल? अहो, बोराचं बोरकूट होतं. मी म्हटलं, "बाई, बोराले तेल असतं तं माया सासूनं दिव्यात घातलं असतं. तुमी लबाड बोलता, पण लबाड बोलाले तरी जरा चांगलं शोधा ना वं."

तेव्हा सर पहिल्यांदा हसले. छत्री मिटली आणि धुऱ्यावर खाली बसले. मी मनात म्हटलं, हा माणूस वावरात बसायचा सराव करून राहिला.

तरी मी बोरं द्यायला कबूल झाले. का झाले? कारण यमुताईनं झाडाखाली पडलेलं एक बोर उचललं, पदरानं पुसलं आणि खाल्लं, आणि आठळी थुंकली नाही, पिशवीत ठेवली. जी पोर आठळीसुद्धा वाया घालवत नाही ती एवढी वाईट नसावी. ओली बोरं एस.टी.च्या धक्क्यांनी नासतात, म्हणून ठरलं की बाकीच्या सहा झाडांची बोरं त्यांनी वाळवावी, माझ्या झाडाची मीच वाळवून द्यावी, आणि माघात गिरिधरनं येऊन मडकं घेऊन जावं.

इथे मला माझ्या सासूची एक गोष्ट सांगावी लागते. ती तिनं मला मरेपर्यंत कोणाला सांगू नको म्हणून सांगितली होती, आणि आज मी ती माईकमधून सांगते आहे. वाळलेल्या बोरांत किडे होतात. सगळ्यांच्या बोरांत होतात, आमच्या होत नाहीत. उमरेडच्या बाजारात आमची बोरं आषाढापर्यंत लुगड्याच्या काठासारखी चमकतात. बाया विचारत, "पंचफुला, बोरं पॉलिश करता काय वं?" ती म्हणायची, "झाडाचा गुण आहे बाई." झाडाचा गुण नव्हता. तळहाताचा होता. हातावर जवसाचं तेल घ्यायचं, थोडंच, आणि वाळली बोरं मूठमूठ चोळून मडक्यात भरायची. बस. सुनेला ही गोष्ट लग्नानंतर पाच वर्षांनी सांगितली, तेही मी माहेरी पळून जाणार नाही अशी खात्री झाल्यावर.

तर सरांच्या मडक्यातली बोरं मी तशीच चोळली. अहो, पाहुण्याला द्यायची चीज! दोनदा चोळली.

चैत्रात सर एकटेच आले. बरोबर छत्री होती, पण हसू नव्हतं. पाणी घेतलं, गूळ घेतला नाही. म्हणाले, "आजी, एक विचारतो. बोरांत तुम्ही काही मिसळलं होतं का?"

हा प्रश्न ऐकून माझ्या डोक्यात किती वाटा फुटल्या असतील? एक म्हणाली, यांना सासूची युक्ती पाहिजे. दुसरी म्हणाली, हो म्हटलं तर बोरांत भेसळ केली म्हणून कागद करतील. तिसरी म्हणाली, कागद झाला की वावर जाईल, सात नंबर उगाच नाही ठोकला. आणि जिजाबाई कुडाच्या पलीकडून कान लावून होती, ती चौथी.

मी म्हटलं, "नाही जी. काहीच नाही."

"नक्की?"

"झाडाची आण."

झाडाची आण म्हटलं मी! आता मनात मी अशी पळवाट ठेवली होती की मिसळलं कुठे, वरून लावलं. पण ती पळवाट माझ्या मनातच होती. खोटं ते खोटं. सर उठले, नमस्कार करून गेले. गुळाचा खडा बशीत तसाच. मी तो खाल्ला, आणि गोड लागला नाही, हेही इथे खरं सांगते.

वैशाखात मी नागपूरला आले. निमित्त इतवारीच्या बाजारात गोपिकाच्या लग्नाची भांडी पाहायचं. पण खरं कारण असं की गावात जिजाबाईनं उठवलं होतं की ते लोक बोरांची दारू गाळतात. मला पाहायचं होतं. सोबत पिशवीत बोरं घेतली. रिकाम्या हातानं कोणाच्या दारात जाऊ नये, संशय घ्यायला गेलं तरी.

तुमची ती प्रयोगशाळा पाहिली आणि मला जिजाबाईचे पाय धरावेसे वाटले. खाली काचेचा गोल हंडा, तो तापतो आहे. वर नळी. नळीवर थंड पाणी खेळतं आहे. आतलं पाणी वर चढतं, थेंबथेंब बोराच्या चुऱ्यावर पडतं, भरलं की भळकन खाली उतरतं. अहो, मोहाची भट्टी यापेक्षा वेगळी काय असते? फक्त मडक्याऐवजी काच, आणि पोलिसाऐवजी गिरिधर!

मी म्हटलं, "गिरिधरभाऊ, पयल्या धारेची हाय काय?"

तो हसला नाही. हा माणूस एरवी माझ्या अर्ध्या वाक्यावर हसतो. त्यानं नुसती मान वळवून कोपरा दाखवला. कोपऱ्यात यमुताई आपलं टेबल पुसत होती. पुस्तकं बांधलेली. बाटल्या धुऊन उलट्या ठेवलेल्या. घर सोडायच्या दिवशी बाई जशी चूल सारवते ना, तसं ती टेबल पुसत होती.

"काय झालं वं बाई?"

तिनं मला बसवलं, चहा मागवला, आणि एक लांबलचक कागद उलगडला. त्यावर डोंगर होते. तेलाचा थेंब त्या यंत्राला दिला की त्याची वाफ होते आणि यंत्राचं पेन कागदावर डोंगर काढत जातं. एकेक डोंगर म्हणजे तेलातलं एकेक आम्ल. आम्ल म्हटल्यावर मी म्हटलं, बोर आंबटच असतं, त्यात यंत्र कशाला? ती म्हणाली, तसं आंबट नाही आजी, तेल ज्याचं बनतं ती आम्लं. बोराच्या गरात तेल अगदी थोडं, सूपभर बोरांत चमचाही नाही. पण जे आहे त्यात हा पामिटिकचा डोंगर, हा ओलेइकचा, हा लिनोलेइकचा. सहा झाडांचे डोंगर असे बहिणीबहिणींसारखे. थोडं नाकडोळ्यांत फरक, पण घर एकच.

मग तिनं सातवा कागद ठेवला. त्यात शेवटी एक डोंगर होता, सगळ्यांच्या वर. जणू सहा बहिणींच्या घरात परका माणूस येऊन बसला.

"हा लिनोलेनिकचा," ती म्हणाली. "इतका फक्त जवसाच्या तेलात असतो आजी. तुमच्या बोरांत जवस निघालं."

चहा माझ्या हातातच राहिला. यंत्राला माझा तळहात दिसला होता.

ती बोलत होती. आजींनी काही मिसळलं नाही, हे सरांनी विचारून घेतलं आहे. मग जवस आलं कुठून? शिकवायच्या तेलांच्या बाटल्या ज्या कपाटात असतात त्यात जवसाचीही बाटली आहे आणि त्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. नवीन काही सापडलं असं दाखवायला मीच थेंब घातला, असं खात्यात कुजबुजतात. सर तसं बोलले नाहीत. सर म्हणाले, प्रबंध पाठवू नका, काम थांबवा. झाडावर आता बोर नाही, पुन्हा तपासायचं तर पौष उजाडेल, आणि प्रबंध द्यायची मुदत तर आषाढातच संपते. "बाबांनी गिरणीत साऱ्या खात्याला सांगून ठेवलं आहे आजी, माझी पोरगी डॉक्टर होणार. आता ते कामावर जाताना लांबच्या फाटकानं जातात."

मंडळी, मी त्या वेळी काय करायला पाहिजे होतं? बोलायला पाहिजे होतं. मी काय केलं? चहा संपवला. उठले. येते म्हटलं. फाटकापर्यंत गेले. सासूला दिलेलं वचन, वावर, सात नंबर, भेसळीचा कागद, सगळे माझ्याबरोबर चालत होते. फाटकापाशी पदरानं तोंड पुसायला गेले, तर हाताला वास आला. जवसाचा. सकाळी पिशवीत बोरं भरताना पुन्हा चोळली होती ना! पाहुण्याला द्यायची चीज!

मी मागे फिरले. सरांच्या खोलीचं दार ढकललं. आत खात्यातले दोघे-तिघे बसले होते, आज तेही इथे आहेत, त्यांनी मान हलवायला हरकत नाही. मी म्हटलं, "सर, हात पुढं करा."

सरांना वाटलं प्रसाद आहे. हात पुढे केला. मी मूठभर बोरं त्यांच्या तळहातावर ठेवली आणि लगेच उचलून घेतली.

"आता हुंगा."

सरांनी हात नाकाशी नेला. पुन्हा नेला. चष्मा काढला, तळहात खिडकीशी धरला. तो चमकत होता.

"मी तुमाले लबाड बोलली सर," मी म्हटलं. "झाडाची खोटी आण घेतली. बोरीले जवस नाही, मायाच हाताले हाय. त्या पोरीच्या हाताले काही नाही. पाह्यजे तं तिचा हुंगून पाहा."

 मला वाटलं आता पोलीस येतो की खाणवाला. सर उठले आणि यमुताईच्या टेबलाशी गेले. आम्ही सारे मागे. ते तिला म्हणाले, आणि हे मी जसंच्या तसं सांगते, कारण मला ते पाठ आहे:

"यमुना, मी आजींना विचारायला गाव गाठलं. बाटलीतलं तेल मोजून पाहिलं. गिरिधरला विचारलं. फक्त तुम्हाला विचारलं नाही. चूक झाली."

का बरं नाही विचारलं? मंडळी, मी दुसरी पास आहे, या प्रश्नाचं उत्तर माझ्या पुस्तकात नव्हतं. तुमच्या पुस्तकांत असेल तर आज घरी जाऊन पाहा. मी एवढंच पाहिलं की यमुताई रडली नाही. ती म्हणाली, "सर, मग धुतलेल्या बोरांचा नमुना काढू या का?" आणि फडकं ठेवून बाटली सरळ केली. उलटी ठेवलेली पहिली बाटली सरळ केली, तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मुदत सरांनी स्वतः चार ठिकाणी जाऊन वाढवून आणली. मडक्यातली उरलेली बोरं कितीही धुतली तरी तेल आत मुरलं होतं. शेवटी पौष आला. यमुताई स्वतः झाडावर चढली. मी खालून सांगत होते, ती फांदी नको वं, काटे हायेत! तिनं बोरं तोडली, आमच्या छपरावर वाळवली, आणि मला पाच हात दूर बसवलं. जिजाबाईला माझ्यावर पहारा ठेवला. जन्मात पहिल्यांदा त्या बाईच्या कुडाआडून कान लावण्याचा कोणाला उपयोग झाला.

नवा कागद आला त्यात परका माणूस नव्हता. सात बहिणी. आणि यमुताईनं प्रबंधात एक पान माझ्या तळहातावर लिहिलं आहे! बोराच्या गरात स्वतःचं तेल इतकं कमी की बाहेरचं थोडंसं तेलही सारं चित्र झाकून टाकतं, म्हणून नमुना कसा वाळवला, कोणी हात लावला, काय चोळलं, हे घरोघर विचारून घ्यावं, असं. माझं नाव आहे त्यात. पंचफुलाबाईचंही आहे, मी भांडून घालायला लावलं. सासूची युक्ती गेली, पण सासू छापली गेली.

आता सरांबद्दल. निरोपाच्या दिवशी माणसाचे गुण सांगायचे असतात. महिन्याभरापूर्वी सर गावी आले, म्हणाले, आजी, तुम्ही बोलायचं. मी म्हटलं, मी काय बोलू, मला एकच गोष्ट येते, आणि तिच्यात तुमची चूक आहे. सर म्हणाले, "तीच सांगा. बाकीचे सांगणार नाहीत." तर सांगितली. छत्तीस वर्षं शिकवून ज्याला आपली चूक माईकमधून ऐकायची आहे त्या माणसाचे आणखी गुण मी काय सांगू?

माझा संशय मात्र पूर्ण गेलेला नाही, हे अध्यक्षसाहेबांच्या परवानगीनं सांगते. एवढी मडकी बोरं गेली, मग ते तेल कुठे आहे? गिरिधरभाऊ म्हणतात, तपासण्यात संपलं. असेल. त्यांच्या चपचपीत डोक्याकडे पाहून मला तसं वाटत नाही.

आज मी फार खूश आहे. यमुताईचे बाबा मागच्या रांगेत उभे आहेत, बसा म्हटलं तरी बसत नाहीत, आणि आज ते मोठ्या फाटकानं आले, मी पाहिलं. ज्यांनी मला बोलावलं, पंखा दिला, हार दिला आणि माझ्यासारख्या बाईसमोर माईक वाकवून ठेवला, त्या सगळ्यांचे उपकार मी मानते. माझ्या बोलण्यात कुठे आठळी दाताखाली आली असेल तर ती थुंकून टाका, गर तेवढा ठेवून घ्या.

आणि एक गोष्ट एवढ्या साक्षीदारांसमोर नोंदवून ठेवते, म्हणजे नंतर कोणाला नाही म्हणता येणार नाही. झाडावरचा तो सात नंबरचा बिल्ला काढायला सर, यमुताई आणि हातोडीवाले गिरिधरभाऊ येणार आहेत. पौषातला दुसरा रविवार, उमरेडची सकाळची पहिली गाडी. बोरं झाडावरच असतील, आणि मी हात धुऊन बसलेली असेन.